बाळूंच्या नावाचा करंडक

१९ मार्च ही बाळू पालवणकरांची जन्मतारीख. साल १८७६, गाव धारवाड. म्हणजे २०२६ मध्ये त्यांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली. इथे अमिरातीत मार्च म्हणजे मोकळ्यावर क्रिकेट खेळण्याचे शेवटचे सुखाचे दिवस. त्यानंतर हवा जड होत जाते आणि जूनमध्ये दुपारी नुसतं उभं राहणं हीच शिक्षा असते. म्हणून मार्चमध्ये सुट्टीच्या दिवशी फजरची नमाज होऊन थोडं उजाडलं की शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आणि दुबईत अल कूझच्या गोदामांमागे, जिथे म्हणून सपाट वाळू सापडेल तिथे डाव मांडलेले दिसतात. टेनिसच्या चेंडूला टेप गुंडाळलेली, यष्ट्यांच्या जागी प्लास्टिकचे क्रेट. पेशावरचा ड्रायव्हर, मलप्पुरमचा स्टोअरकीपर, चितगावचा सुतार आणि हमखास एखादा चिपळूण-रत्नागिरीकडचा. कोकणातली कितीतरी घरं दोन-दोन पिढ्या इथल्या पगारावर उभी आहेत. पालवणकर हे आडनावही कोकणातल्याच पालवण गावावरून आलेलं.

अशा डावांत फलंदाजीला सगळे तयार असतात. गोलंदाजी करायला मात्र कोणाला तरी 'ए, तू टाक' म्हणावं लागतं. ज्याला म्हणतात तो बहुधा नवखा असतो, नाहीतर खोलीतला सगळ्यात धाकटा. बाळूंची सुरुवातही अशीच झाली, फक्त तिथे हुकूम देणारे साहेब होते.

वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात राहत होतं. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या हिशेबात अस्पृश्य. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम हे दोघं अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबात लागली: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि वेळ पडली तर सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये मिळू लागले. जाळी उभारायची, खेळपट्टी आखायची, टेनिसची कोर्टं आखायची. एकदा कोणी तरी जाळीत चेंडू टाकायला सांगितलं, आणि डाव्या हाताची ती संथ फिरकी कशी पडते, कुठे वळते, हे कॅप्टन ग्रेग यांच्या लक्षात आलं. जे. जी. ग्रेग म्हणजे त्या काळातले हिंदुस्थानातले सर्वांत नावाजलेले गोरे फलंदाज. ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचे आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचे. बाद केलं की दर खेपेला आठ आणे द्यायचे, असं सांगतात. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे ही थट्टा नव्हती. महिन्यात आठ वेळा ग्रेगना बाद केलं की पगार दुप्पट.

पूना क्लबात बाळूंनी किती हजार चेंडू टाकले असतील याची मोजदाद नाही. मात्र त्या सगळ्या काळात त्यांना फलंदाजी करू दिली गेली नाही. बॅट साहेबांची, घाम नोकराचा. गोलंदाजी हे अंगमेहनतीचं काम, म्हणून ते नोकराला चालायचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण बाळूंची आठवण काढताना आपण चटकन 'उपजत प्रतिभा' म्हणून मोकळे होतो. 'लगान'मध्येही तसंच झालं. त्यातला कचरा पाहून अनेकांना बाळू आठवतात. पण कचऱ्याचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे, जणू दैवाने चुकून दिलेलं वरदान, आणि त्याला संघात घेण्याचं मोठेपण जातं नायकाकडे. बाळूंचा हात धडधाकट होता. त्यांची फिरकी रोजंदारीवर घासूनपुसून तयार झालेली होती, दिवसचे दिवस, दुसऱ्याच्या सरावासाठी. आणि त्यांना संघात घेतलं ते कोणाच्या मोठेपणामुळे नव्हे. त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हतं म्हणून घेतलं.

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यावं की नाही यावर संघातच दोन तट पडले. तेलुगू सभासद अनुकूल, ब्राह्मण सभासद नाराज. शेवटी ग्रेगनीच डिवचलं, की बाळूला वगळाल तर मूर्ख ठराल. मग घेतलं. मैदानात सगळे तोच चेंडू हाताळत होते. चहाची वेळ झाली की मात्र इतर जण पॅव्हेलियनमध्ये जात, आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या कुल्हडात. जेवायला वेगळी जागा, वेगळं ताट. हात-तोंड धुवायला पाणी हवं असेल तर ते दुसऱ्या अस्पृश्य नोकराने घालायचं. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता. या तर्काची मला अजूनही गंमत वाटते. गंमत म्हणजे हसू येण्याजोगी नव्हे.

पुढे साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना झाला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला होता, तरी त्यांनी सात बळी घेतले. परतल्यावर पुण्यात हत्तीवरून मिरवणूक निघाली. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर कौतुक केलं, लोकमान्य टिळकांनीही गौरव केला. आपल्याकडे ही हत्तीची गोष्ट आवडीने सांगितली जाते. सांगावी. पण हत्तीवर बसवलेल्या माणसाला पंगतीला बसवायला आणखी वेळ लागला, हेही त्याच दमात सांगायला हवं.

मग प्लेगाची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. तिथे हिंदू जिमखान्याचा संघ आणि बी.बी.सी.आय. रेल्वेची नोकरी. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. हिंदूंचे डाव २४२ आणि १६०, युरोपियनांचे १९१ आणि १०२. बाळू आणि शिवराम दोघंही त्या संघात होते, आणि तोपर्यंत बाळूंचा चहा आत आला होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. १४ प्रथम दर्जाच्या सामन्यांपैकी १० हरला, दोनच जिंकला: लेस्टरशायर आणि सॉमरसेट. पस्तिशीतल्या, खांदा दुखावलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राशी विशीतल्या भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलेलं आहे.

प्रथम दर्जाची एकूण कामगिरी: ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आकडे इतकेच. मला थांबायचंय ते कप्तानीपाशी.

हिंदू संघात बाळूंपेक्षा अनुभवी कोणी उरलं नव्हतं, तरी कर्णधारपद दर वर्षी दुसऱ्याकडे जात राहिलं. १९१३ साली कर्णधार एम. डी. पै यांनी आपल्याच सत्कारात उठून सांगितलं, की हा मान ज्येष्ठ म्हणून माझ्या मित्राला, बाळूला, मिळायला हवा होता. असं सांगणारा माणूस विरळाच. पण सांगून झाल्यावर कर्णधार पैच राहिले. चांगल्या माणसाच्या चांगल्या बोलण्यालाही व्यवस्थेपुढे मर्यादा असते ती ही. १९२० मध्ये पै आजारी पडले. तोवर बाळूंचे भाऊ विठ्ठल हे संघाचे आघाडीचे फलंदाज झाले होते. कप्तानी त्यांच्याकडे यावी अशी अपेक्षा होती. ती दिली गेली पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे, आणि बाळूंना तर संघातूनच वगळलं. देवधर मोठे खेळाडू होते, त्यांचा यात दोष काढण्याचं कारण नाही. पण विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले, आणि गप्प न बसता त्यांनी कारण जाहीरपणे लिहून सांगितलं: ज्येष्ठता आणि कामगिरी डावलली गेली आहे ती जातीमुळे.

पालवणकर भावांचा वारसा कुठे आहे असं मला विचारलं तर मी हत्तीकडे बोट दाखवणार नाही, ११४ बळींकडेही नाही. या नकाराकडे दाखवीन. संघात मिळालेली जागा ही उपकाराची असती तर ती सोडता आली नसती. त्यांनी ती सोडून दाखवली आणि तिच्यावर आपला हक्क असल्याचं सिद्ध केलं. निवड समितीला नमावं लागलं. पुढच्या सामन्याला पै परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केलं, भाऊ खेळायला आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. ते मुद्दाम गेले असं म्हणतात. तेवढा वेळ का होईना, बाळूंनी हिंदू संघाचं नेतृत्व केलं. वय चव्वेचाळीस. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल रीतसर कर्णधार झाले, हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

त्याच १९२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जॅक ट्राइस नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी वारला. आयोवा स्टेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातला तो पहिला काळा खेळाडू. शेतकी शाखेत शिकत होता. शिकून दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्यांच्या उपयोगी पडायचं असं त्याच्या मनात होतं. मिनेसोटाविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या रात्री त्याने एक चिठ्ठी लिहिली. आपल्या वंशाची, घराची आणि स्वतःची इभ्रत उद्या पणाला लागलेली आहे, अशा आशयाची. सामन्यात तो जबर जखमी झाला आणि दोन दिवसांनी गेला. चिठ्ठी नंतर त्याच्या कोटाच्या खिशात सापडली. पन्नास वर्षं तो जवळजवळ विस्मरणात होता. १९७० च्या दशकात तिथल्या विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली, की नव्या स्टेडियमला त्याचं नाव द्या. विद्यापीठाने अर्धंमुर्धं मानलं, आधी नुसत्या मैदानाला नाव दिलं, मग पुतळा उभा राहिला. अखेर १९९७ मध्ये पूर्ण स्टेडियमच जॅक ट्राइसच्या नावाचं झालं.

ट्राइस आणि बाळू या दोघांची तुलना फार ताणू नये. एक जण मैदानावरच्या जखमांनी गेला, दुसरा मैदानावर जगला आणि ७९ वर्षांचा होऊन १९५५ च्या जुलैत मुंबईत वारला. तरुणपणी गेलेल्याचं स्मारक करणं त्या मानाने सोपं असतं, कारण त्याला पुढे चुकायला, मतं बदलायला, निवडणुका लढवायला वेळच मिळालेला नसतो. बाळूंना तो मिळाला.

१९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांचा वाद पेटला तेव्हा बाळू डॉ. आंबेडकरांच्या बाजूला नव्हते. पुणे करारावर त्यांचीही सही आहे, 'पी. बाळू' अशी. पुढे मुंबई महापालिकेची निवडणूक ते हिंदू महासभेकडून लढले आणि हरले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना उभं केलं ते थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांच्या सत्काराशी आंबेडकरांचं तरुणपणीचं नाव जोडलेलं आहे, ते पंचवीस वर्षांनी त्यांच्यासमोर उमेदवार म्हणून उभे. मला यात खलनायक दिसत नाही. चहाचा कप बाहेरून आत यायला एक आयुष्य घालवलेल्या माणसाला आत आल्याचं अप्रूप जास्त असणार, आणि ती पंगतच मोडीत काढायला निघालेल्या माणसाला तो कप पुरेसा वाटणार नाही. माझं मत विचाराल तर इतिहास आंबेडकरांच्या बाजूने गेला ते योग्यच झालं. पण या एका निवडणुकीमुळे बाळू दोन्हीकडून परके झाले. चळवळीला ते अडचणीचे वाटले, आणि क्रिकेटच्या इतिहासाला त्यांची आठवण काढायची तर कुल्हडाचीही काढावी लागणार होती. म्हणून दोघांनीही सोयीस्कर मौन पाळलं. रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात त्यांना ठळक जागा दिली तेव्हा कुठे इंग्रजी वाचणाऱ्यांना हे नाव कळलं. मराठीत तर विठ्ठल यांचं 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ पासून होतं.

आता आपल्या आसपास. शारजाच्या क्रिकेटचा पायाच मुळी जुन्या खेळाडूंच्या सन्मानावर घातला गेला. १९८१ मध्ये अब्दुल रहमान बुखातिर यांच्या पुढाकाराने गावसकर आणि मियाँदाद यांच्या संघांत जो सामना झाला, तो निवृत्त खेळाडूंच्या मदतीसाठी होता. शारजाच्या स्टेडियममध्ये एप्रिल १९९८ मध्ये सचिनने दोन दिवसांच्या अंतराने १४३ आणि १३४ केल्या, आणि २०२३ मध्ये पश्चिमेकडच्या स्टँडला त्याचं नाव दिलं गेलं. आपल्यातलं कोणीही तिथे सामन्याला गेलं की त्या पाटीखाली फोटो काढतं. काढावाच. दुबईत आयसीसीचं मुख्यालय आहे. तिच्या 'हॉल ऑफ फेम'ची सुरुवात २००९ मध्ये झाली. तिथला मान आंतरराष्ट्रीय कामगिरीवर ठरतो, आणि भारत पहिली कसोटी खेळला जून १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. बाळू तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. त्या वर्षातली त्यांची खूण धावफलकावर नाही, करारावर आहे. तेव्हा त्या यादीत त्यांचं नाव नाही याबद्दल रुसण्यात अर्थ नाही. पण सगळा मान आकडेवारीच्या दारातूनच आत यावा असंही नाही.

इथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना बाळू कळायला खरं तर सोपे जावेत. वसईचा स्वप्नील पाटील नोकरीसाठी या देशात आला आणि २०१५ च्या विश्वचषकात अमिरातीच्या संघाचा यष्टिरक्षक होता. कामासाठी आलेल्याने खेळात जागा मिळवायची, हे इथल्या क्रिकेटला नवं नाही. २०२० ची आयपीएल अख्खी इथे झाली तेव्हा संघांबरोबर जाळीत चेंडू टाकणारे तरुण गोलंदाज आले होते, आणि त्यांचे चेहरे टीव्हीवर क्वचितच दिसले. पण आरसा जरा आपल्याकडेही धरू. हिवाळ्यात आपली मराठी मंडळी क्रिकेटच्या स्पर्धा भरवतात. जेवणाची रांग लागते, मिसळ असते, जिलेबी असते. मैदान आखणारा बांगलादेशी मुलगा, कंपनीची बस घेऊन आलेला ड्रायव्हर, इमारतीतून खुर्च्या वाहून आणलेला नातूर यांना आपण विसरत नाही, त्यांच्यासाठी आठवणीने डबा भरून पार्किंगमध्ये पाठवतो. डबा पाठवण्यात वाईट काहीच नाही. तो पार्किंगमध्येच का पाठवायचा, एवढाच प्रश्न. त्यांना जेवणाच्या रांगेत बोलावणं काही अवघड नाही.

आणि एक विनंती, स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला. पुढच्या मोसमात बाळू पालवणकरांच्या नावाने काही करायचं मनात आलं तर उत्कृष्ट गोलंदाजाचं बक्षीस ठेवून थांबू नका. गोलंदाजी त्यांच्याकडून सगळ्यांनीच करून घेतली. अंतिम सामन्यानंतर विजेत्या कर्णधाराच्या हातात जो करंडक देता, त्याला बाळूंचं नाव द्या. आणि तो देताना १९२० मध्ये त्यांच्या भावांनी संघ का सोडला होता, ते दोन वाक्यांत माइकवरून सांगा.